वच्छलाबाईचा चिंचोका

आमच्या स्कॅन सेंटरच्या फॉर्मवर एक रकाना आहे. तक्रार. पेशंटला काय होतंय ते त्यात लिहायचं. गेली चौदा वर्षं मी त्या रकान्यात दिवसातून पंचवीस-तीस वेळा तेच ते लिहीत आलो. डोक्याचा फोटो असेल तर डोकेदुखी, कमरेचा असेल तर कंबरदुखी. रकाना रिकामा ठेवला की कॉम्प्युटर पुढे सरकत नाही, म्हणून काहीतरी कोंबायचं. फोटो मशीन काढतं, मशीन मी चालवतो, आणि फोटो वाचणारे डॉक्टर नागपुरात बसून पडद्यावर वाचतात. त्यांनी पेशंट पाहिलेला नसतो. पेशंटबद्दल त्यांना जे काही कळतं ते माझ्या त्या एका शब्दातून. या रकान्याची मला आता इतकी किळस आली आहे की तो समोर आला तरी तोंड कडू होतं.

पण गोष्ट माझी नाही, हिंगणीच्या वच्छलाबाईची आहे. त्यात माझी जी घाण आहे ती मी जागच्या जागी सांगेन.

वच्छलाबाई भाजी पिकवते आणि विकते. हिंगणीला त्यांचं दोन एकर ओलिताचं वावर आहे. त्यात वांगी, चवळी, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. सेलूच्या बाजाराच्या दिवशी ती आमच्या घराच्या कोपऱ्यावर बसायची. मी तिसरीत होतो तेव्हापासून ती तिथे आहे. मी तिला मावशी म्हणतो, कारण आई तिला बहीण म्हणायची, आणि आई तिला बहीण म्हणायची कारण दुसरं काही म्हटलं की वच्छलाबाई वांग्यांत किडकी घालायची. असं निदान आई सांगायची.

तोंडाने फटकळ. एखादी बाई वांगी दाबून दाबून बघायला लागली की ही विचारायची, "वांगं घ्याले आली का पोरगी पाह्यले?" कुणी भावात फार घासाघीस केली तर म्हणायची, "घेऊन जाय बाप्पा, नाई तं माह्या मेथीले नजर लागन तुही." सगळा बाजार हसायचा, आणि ती बाई हमखास भाजी घेऊन जायची.

तिची एक खुबी होती. खाली मान घालून ती सांबाराच्या जुड्या बांधत असायची आणि मान वर न करता येणाऱ्याला नावाने हाक मारायची. चपलेच्या आवाजावरून ओळखायची. आम्ही पोरं अनवाणी, चवड्यांवर तिच्या मागून जायचो. ती मला म्हणायची, "राकेश, मुळा ठेव खाली." एकदाही चुकली नाही. असे कान होते.

त्याच कानात तीन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, आवाज सुरू झाला. उजव्या कानात. मोटारच्या पायपातून पाण्याबरोबर हवा निघते तसा, फुस्स, फुस्स, फुस्स. दिवसभर. तिने पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट पक्की केली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि नाडी आणि आवाज ताडून पाहिले. एकाच वेळी. भारा डोक्यावर घेऊन चढ चढली की दोन्ही जोरात, सावलीत बसली की दोन्ही सावकाश.

हे तिने घरी सांगितलं. घरात नवरा भैय्याजी, मुलगा नयन आणि सून आचल. भैय्याजी माणूस वाईट नाही, पण त्याला स्वतःचं मत नाही. जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो. नयन वर्ध्याला एका दुकानात नोकरीला. आचल बी.ए. झालेली, नीटनेटकी, लोक काय म्हणतील याची जरा जास्तच काळजी असलेली. तिघांनी ऐकलं आणि तिघांनाही उत्तर तयार होतं. आमच्या भागात प्रश्न पूर्ण ऐकण्याआधी उत्तर देण्याची जी खोड आहे तिचा मला मनापासून तिटकारा आहे. भैय्याजी म्हणाला, किडा गेला असन. नयन म्हणाला, मळ असन. आचल म्हणाली, वयच झालं.

मग सुरू झालं. लसणाचं तेल कोमट करून कानात. त्याने कानाची आग झाली तेव्हा मिठाचं पाणी. कुणा शेजारणीने सांगितलं म्हणून कानात धूर. बाजारात एक कान कोरणारा यायचा, त्याने काडीने इतकं उकरलं की रक्त आलं, आणि ते रक्त दाखवून तो म्हणाला, बघा, निघाली घाण. लोकांनी माना डोलावल्या. पुढे भैय्याजीचा कुणी चुलतभाऊ समुद्रपूरकडचा एक माणूस घेऊन आला. त्याने अंगारा लावला, कोंबडं मागितलं, आणि ते तिथेच शिजवून खाल्लं. त्या बाईच्या कानापाशी कान नेऊन ऐकावं असं एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

वच्छलाबाईने मात्र आपला शोध आपणच लावला. एका दुपारी बाजारात गिऱ्हाईक नव्हतं. ती हाताच्या मुठीवर डोकं टेकून बसली होती. अंगठा उजव्या कानाच्या मागे, हाडाच्या खालच्या खोबणीत रुतला, आणि आवाज बंद. तिने अंगठा काढला. फुस्स, फुस्स. दाबला. बंद. संध्याकाळपर्यंत तिने तेच केलं. वांगी तोलताना, सुटे पैसे देताना, मध्येच अंगठा कानामागे. लोकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं.

पण अंगठा दिवसभर तिथे ठेवून वावरातली कामं कशी होणार? म्हणून तिने डोक्याला फडकं बांधलं आणि त्याची गाठ बरोबर त्या जागी आणली. गाठ मऊ पडली. तिने आत सुपारी घालून पाहिली, ती घरंगळायची. गिट्टीचा खडा घातला, तो टोचायचा. शेवटी चिंचोका घातला. चपटा, गुळगुळीत, टणक. तो नेमका बसला. फडकं करकचून बांधलं की कान शांत. चार महिन्यांनी तिला पहिल्यांदा पाखरं ऐकू आली, असं तिने मला नंतर सांगितलं.

आता यात गंमत बघा. भारा डोक्यावर घेताना ती फडकं घट्ट बांधायची, म्हणजे कामाला निघाली की बरी. घरी येऊन फडकं सोडलं, आडवी झाली, की आवाज सुरू आणि कण्हणं सुरू. घरच्यांनी हिशेब उलटा लावला. बाजारात जायला बरी असते, घरची भांडी दिसली की कान वाजतो. आचलने हे शेजारी सांगितलं, शेजाऱ्यांनी पुढे सांगितलं. शिवाय गाठीतला चिंचोका दिसला. त्यावरून ठरलं की म्हातारी कुणाकडून तरी मंतरलेलं काहीतरी आणून बांधते आहे. आचलला त्याची फार लाज वाटायची. माहेरचे लोक आले की ती सासूला म्हणायची, "आई, ते काढून ठेवा ना जरा, कसं दिसते." वच्छलाबाई काढायची नाही. मग रुसवेफुगवे.

शेवटी नयन तिला सेलूत एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. बाहेर पन्नास माणसं. वच्छलाबाईने तोंड उघडलं, "डाक्टरसायेब, कानात आवाज येते, नाडीसंगं." डॉक्टरांनी मान वर न करता चिठ्ठीवर मेंदूचा सी.टी. लिहून दिला. गळ्यात स्टेथोस्कोप लटकत होता. ते काय गळ्यातलं लॉकेट होतं, देव जाणे.

आणि ती चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली.

मला पाहून तिला बरं वाटलं. ओळखीचा माणूस. "राकेश, तूच हाय का इथं? बरं झालं माय." मी हसलो, बस म्हणालो, फॉर्म उघडला. तक्रार. मी तिला विचारलं नाही. हात आपोआप चालला. डोकेदुखी. तिने मला चाळीस वर्षांत एकदाही डोकं दुखतं म्हणून सांगितलेलं नव्हतं.

मशीनच्या टेबलावर निजवताना डोक्यावरचं सगळं काढायचा नियम आहे. पिना, कानातलं, फडकं. मी फडकं सोडलं आणि गाठीतून चिंचोका माझ्या हातात पडला.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी अंधश्रद्धेच्या विरोधातला माणूस. कॉलेजात असताना बुवाबाजीवर गावोगाव पथनाट्यं केलेली. लोकांच्या दंडातले गंडेदोरे दिसले की माझं डोकं तापतं. स्कॅनच्या टेबलावर पेशंटच्या गळ्यातून, कमरेतून, केसांतून काय काय निघतं याची तुम्हाला कल्पना नाही. त्या चिंचोक्याकडे बघून मला शिसारी आली. एवढी हुशार बाई, आणि हे?

"मावशी, तूबी? तुहं डोकं ठिकाणावर हाय ना?"

"अरे, ते मंतरलेलं नोहे. ते काढलं का वाजते मंग..."

"बोलू नको. हालू नको. फोटो हालते."

आणि चिंचोका मी पायाने उघडायच्या त्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. झाकण खाली पडल्याचा आवाज मला अजून आठवतो. चिंचोका धातूचा नव्हता. तो तिथे राहिला असता तरी फोटोचं काही बिघडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. नॉर्मल. मेंदूत कोणताही दोष आढळला नाही. यात नागपूरच्या डॉक्टरांची चूक नव्हती. साध्या फोटोत तो आजार बहुतेक वेळा दिसतच नाही. कानात नाडीबरोबर आवाज येतो, कानामागे दाबलं की थांबतो, एवढं एक वाक्य त्यांना कळलं असतं तर त्यांनी शिरेत औषध सोडून रक्तवाहिन्यांचा फोटो काढायला सांगितलं असतं. त्यांना कळलं काय, तर डोकेदुखी.

नॉर्मल! या शब्दाइतका ओंगळ शब्द मी ऐकला नाही. मशीनने एका जागी एक गोष्ट पाहिली आणि तिथे ती सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण नयनने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या फळीवर ठेवला, आणि जो येईल त्याला काढून दाखवू लागला. "मशीननं पाह्यलं ना भाऊ. काईच नाई निघालं." म्हणजे ती खोटारडी आहे यावर आता शिक्का बसला. आधी संशय होता, मी पुरावा दिला.

त्यानंतर वर्षभर त्या घरात जे झालं त्यात कुणी मारलं नाही की कुणी उपाशी ठेवलं नाही. सगळं मायेने चाललं होतं. तेच जास्त किळसवाणं वाटतं. कुणीतरी झोपेच्या गोळ्या सुचवल्या, त्या सुरू झाल्या. तिला पेंग यायला लागली म्हणून बाजार बंद केला. फडकं बांधायचं नाही, असं भैय्याजीने तिला पहिल्यांदाच आवाज चढवून सांगितलं. बिचाऱ्याचं ते आयुष्यातलं पहिलं मत, आणि तेही सुनेकडून उसनं घेतलेलं. बाजारातल्या तिच्या जागेवर प्लास्टिकच्या बादल्या विकणारा बसला.

मधल्या काळात मी एकदा हिंगणीला एका लग्नाला गेलो होतो. मांडवाच्या बाहेर ती एकटी बसली होती. अंगठा कानामागे. मला पाहून म्हणाली, "राकेश, एक सांग. तुह्या मशीनीले कान हायेत का?"

मी म्हणालो, "नाई मावशी. फक्त डोळे."

"मंग आवाज कसा पाहीन ते?"

मी हसलो. एवढंच करून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी सेंटरसमोरच्या चहाच्या टपरीवर मी तो किस्सा रंगवून सांगितला. म्हातारी विचारते, मशीनला कान आहेत का! सगळे खो खो हसले. तिच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं हे आज मला माहीत आहे.

मागच्या वर्षी कपाशीची वेचणी सुरू झाली होती तेव्हा ती पडली. त्या दिवशी तिने ऐकलं नव्हतं. सकाळी गोळी तोंडात धरून बाहेर थुंकली, फडकं करकचून बांधलं, मेथीच्या जुड्या घेऊन ऑटोने सेलूला आली आणि बादलीवाल्याच्या शेजारी बसली. अकराच्या सुमारास डोकं धरलं, उलटी झाली, आणि मेथीवरच आडवी झाली. लोकांनी आधी पाणी मारलं, मग कांदा फोडून नाकाला लावला, मग कुणीतरी व्हिडिओ काढला. गाडी मिळायला पाऊण तास गेला.

दुपारी दोन वाजता तिला स्ट्रेचरवरून माझ्याकडे आणलं. तेच मशीन, तोच मी. डोक्याच्या फोटोचा पहिला आडवा काप पडद्यावर आला आणि डोक्याच्या मागच्या भागात, उजव्या बाजूला, पांढरा डाग दिसला. पांढरं म्हणजे ताजं रक्त. फोटो वाचायला माझ्यासारख्याला परवानगी नाही, पण चौदा वर्षांत एवढं कळतं.

आचल बाहेर बाकावर रडत होती. तिच्या हातात सासूचं फडकं होतं. गाठ तशीच होती आणि गाठीत चिंचोका होता. दुसरा. मी जो टाकला होता त्याच्या जागी तिने तिथून बाहेर पडल्याबरोबर दुसरा घातला असणार.

आणि मग मी, वर्ष उलटून गेल्यावर, तो प्रश्न विचारला. "आचल, हे काऊन बांधते ते?"

"बांधलं का आवाज बंद होते म्हन्ते ना त्या," आचल डोळे पुसत म्हणाली. "कानामागं दाबलं का बंद, सोडलं का सुरू. कई कई तं नाडी धरून दाखवे आमाले. आमी म्हनो, नाटक हाय."

आमच्याकडे इंजेक्शन द्यायला अंकिता सिस्टर आहे, तिचा रक्तदाबाचा स्टेथोस्कोप मी तिच्या टेबलावरून उचलला. वच्छलाबाई गुंगीत होती. तिच्या उजव्या कानामागे, हाडाच्या खोबणीत, मी तो टेकवला.

फुस्स. फुस्स. फुस्स.

स्पष्ट. मोटारच्या पायपासारखा. ती दोन वर्षं सांगत होती तसाच. मी अंगठ्याने खाली दाबलं, आवाज थांबला. सोडलं, सुरू झाला. जी तपासणी करायला अर्धं मिनिट लागतं ती करायला आम्ही दोन वर्षं घेतली, आणि तीही मेंदूत रक्त सांडल्यावर.

मी नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. या वेळी मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रक्तवाहिन्यांची जोडणी चुकलेली दिसते आहे. ताबडतोब पाठवा. हे आधी कुणी ऐकलं नव्हतं का?" मी म्हणालो, नाही सर. खोटं नव्हतं ते. ऐकलं कुणीच नव्हतं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सुरभी नावाच्या तरुण डॉक्टरीण होत्या. नयनबरोबर मीही गेलो होतो. दोन दिवसांनी वच्छलाबाई जराशी शुद्धीवर आल्यावर डॉक्टर तिच्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, कुठे वाजतं, दाखवा." वच्छलाबाईने बोट नेमकं तिथे ठेवलं. डॉक्टरांनी ऐकलं, दाबलं, सोडलं, परत ऐकलं. मग नयनला समजावून सांगितलं. जोराने रक्त नेणारी नळी वेगळी, शांतपणे परत आणणारी शीर वेगळी. मध्ये बारीक जाळं असतं, त्यात जोर ओसरतो. यांच्या कानामागे, मेंदूच्या वेष्टणात, ते जाळं टाळून नळी थेट शिरेला जुळली आहे. म्हणून आवाज. त्या जोराने शीर फुगून मागे मेंदूत रक्त फुटलं. ती जागा बंद केली नाही तर पुन्हा फुटेल, आणि पुढच्या वेळी त्या वाचतीलच असं सांगता येत नाही.

नयन नुसता मान हलवत होता. वच्छलाबाई डोळे मिटून पडली होती. ती म्हणाली, "म्हंजे मोटरचा पाइप सिदा ठिबकच्या नळीले जोडला. फुटन नाई तं काय होइन."

डॉक्टर हसल्या. "बरोबर. अगदी तसंच."

आम्ही सगळे शिकलेले. आणि कळलं तिला, एका वाक्यात.

शिरेत औषध सोडून काढलेल्या फोटोत तिथे शिरांचा गुंता दिसला. पण नेमकी जोडणी कुठे आहे हे कळायला मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मानेपर्यंत नेऊन रंग सोडावा लागतो आणि रंग वाहताना चलचित्र काढावं लागतं. मी याच धंद्यातला, म्हणून डॉक्टरांनी मला काचेमागे उभं राहू दिलं. पडद्यावर कानामागची नळी काळी झाली. निरोगी माणसात रंग जाळ्यातून पाझरत शिरेत यायला चार-पाच सेकंद लागतात. इथे नळीबरोबरच शीर भरली. मध्ये वेळच नाही. "ही बघा," डॉक्टर म्हणाल्या आणि पडद्यावर बोट ठेवलं. ते बोट जिथे होतं, तिथेच चिंचोका बसायचा.

त्याच नळीच्या वाटेने, पुढच्या आठवड्यात, त्यांनी आत एक चिकट औषध भरून ती जोडणी बुजवली. जीव वाचला. आवाज गेला. पण रक्त जिथे सांडलं होतं तिथे डाव्या बाजूचं दिसण्याचं काम चालतं. दोन्ही डोळे धड आहेत, पण दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं जग दिसत नाही. डॉक्टर म्हणाल्या, ते परत यायची आशा फार धरू नका. रक्त फुटायच्या आधी आली असती तर हे झालं नसतं, असंही त्या म्हणाल्या. त्या मला उद्देशून म्हणाल्या नव्हत्या.

घरी आल्यावर हिंगणीत जो सोहळा झाला तो मी पाहिला आहे. भैय्याजी ओसरीत बसून येणाऱ्याला सांगत होता, "म्या तं पयलेच म्हनलं होतं, नागपूरले न्या." नयन नव्या फोटोंची पिशवी जुन्या फळीवर ठेवून लोकांना दाखवत होता. आचल सासूला भरवत होती, आणि खरं सांगायचं तर त्या घरात मनापासून शरमलेली तेवढी ती एकच होती. कान कोरणाराही येऊन गेला म्हणे. वच्छलाबाईचं ताट डाव्या बाजूने अर्धं भरलेलं राहायचं, कारण तिथली भाजी तिला दिसायचीच नाही. आचल न बोलता ताट फिरवून ठेवायची.

मी आता रकाना नीट भरतो. विचारतो, ऐकतो, लिहितो. पण खोटं कशाला बोलू? परवा सोमवारी अडतीस पेशंट होते, वीज दोनदा गेली होती, आणि एका म्हाताऱ्याने बोलायला तोंड उघडलं तेव्हा माझ्या हाताने डोकेदुखी लिहून टाकलेलं होतं. मी ते खोडलं. खोडलं हे खरं, पण आधी लिहिलं हेही खरंच.

वच्छलाबाई या उन्हाळ्यापासून परत बाजारात बसते. बादलीवाल्याला तिने चार शब्दांत उठवलं. डावी बाजू भिंतीला लावून बसते, म्हणजे तिकडून गिऱ्हाईक येऊ नये. पण भिंत आणि तिच्यात हातभर फट आहे, आणि मी बरेच दिवस त्या फटीतून तिच्या मागून निघून जायचो. तिला दिसत नाही, म्हणून. नागपूरहून आल्यापासून मी तिच्यासमोर उभा राहिलो नव्हतो. माझ्या इतक्या वर्षांत मी यापेक्षा हलकट काही केलं असेल असं मला वाटत नाही. आंधळ्या बाजूने जाणं.

मागच्या बाजाराला तसाच चाललो होतो. ती खाली मान घालून सांबाराच्या जुड्या बांधत होती.

"राकेश," ती म्हणाली, "उजवीकून ये. तिकून नाई दिसत मले."

कान परत आला होता. मी वळसा घालून तिच्यासमोर आलो आणि खाली बसलो. तिने एक जुडी माझ्या पुढ्यात टाकली. मी ती उचलली नाही. महिनोन्महिने टाळलेलं एकदाचं बोललो.

"मावशी, पयल्या खेपेले तुहा चिचोका म्याच कचऱ्यात टाकला होता."

"मालूम हाय." तिने पुढची जुडी बांधायला घेतली.

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू म्हनला, बोलू नको, हालू नको. नाई बोलली. पन टाकतानी पाह्यलं म्या." तिने गाठ आवळली आणि मान वळवून, तिला दिसेल अशी, माझ्याकडे पाहिलं. "डब्बा माह्या डाव्या बाजूले होता. तई दिसे मले तिकडचं."